रणगाड्यावरील चिखल

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोटे रणगाडे करण्याचा छंद आपणांपैकीं कित्येकांस असेल. पालकांस हा केवळ खेळ वाटतो, आणि करणारासही पुष्कळदां तसेंच वाटतें. परंतु हेंच काम विचारपूर्वक केलें असतां त्यांत इतिहास, भूगोल व पदार्थविज्ञान ह्या तिहींचा अभ्यास घडतो. तो कसा, हें एका उदाहरणानें पाहूं.

आपल्या छत्रपति संभाजीनगराहून शंभर-सव्वाशें किलोमीटरांवर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, आहे. तेथें १९९४ पासून लष्कराचें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. पाकिस्तानी सैन्याकडून युद्धांत हस्तगत केलेला अमेरिकन बनावटीचा पॅटन रणगाडा तेथें पाहावयास मिळतो. त्याचीच प्रतिकृति करावयाची आहे असें समजूं.

प्रथम प्रमाण ठरवावें. पॅटनची रुंदी सुमारें साडेतीन मीटर असते. १:३५ ह्या प्रमाणांत ती १० सेंटिमीटर होते, व १:७२ मध्यें जेमतेम ५ सेंटिमीटर. सुटे भाग चौकटीस जोडलेले येतात. ते साबणाच्या पाण्यानें धुवावे, कारण साच्याचें तेल अंगास राहिल्यास रंग धरत नाहीं. नंतर ते कापून, कानशीनें घासून जोडावे. जोडण्याचा द्राव डिंकासारखा नुसता चिकटत नाहीं. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो, दोन्ही भाग एकजीव होतात व द्राव उडून जातो. त्याची वाफ अपायकारक असल्यामुळें खिडकी उघडी ठेवून काम करावें.

रंग दिल्यावर रणगाडा नवा कोरा दिसतो. परंतु रणांगणावरील रणगाडा तसा नसतो. म्हणून त्यास जुनेपणा आणावा लागतो. येथें नियम एकच: प्रत्येक डागास कारण असलें पाहिजे. सैनिकांचे हात व बूट जेथें वारंवार लागतात, त्या झांकणांच्या कडांवरील रंग उडतो. जमिनीस घासणाऱ्या पट्ट्यांचें पोलाद चकाकतें. धुराड्याजवळ रंग जळून गंज चढतो. पातळ काळसर रंग दिल्यास तो खांचांत उतरून त्या खोल दिसतात. जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरविल्यास कडा उजळतात.

आतां चिखलाकडे वळूं. रणगाडा म्हटला कीं वाळवंटाची पिवळी धूळ फासण्याचा मोह होतो. परंतु सप्टेंबर १९६५ मध्यें पंजाबांतील खेमकरणजवळ, असल उत्तर येथें, काय घडलें तें आठवावें. भारतीय सैन्यानें आसपासच्या शेतांत पाणी सोडलें होतें. उभ्या उंसांत आपल्या तोफा व रणगाडे दबा धरून होते, आणि सुमारें ४५ टन वजनाचे पॅटन मऊ जमिनींत रुतले. ह्याच लढाईंत जीपवरील तोफेनें रणगाडे टिपीत असतां कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांस वीरमरण आलें. त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र देण्यांत आलें.

तेव्हां ह्या प्रतिकृतीस ओला चिखलच हवा. आणि तोही आपल्या मराठवाड्याच्या काळ्या मातीचा नव्हे, तर गाळाच्या फिकट तपकिरी मातीचा. माती तलम कापडांतून गाळून घ्यावी; कारण १:३५ प्रमाणांत १ मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरांचा दगड होय. ती रंगांत व पांढऱ्या गोंदांत कालवून मुख्यतः चाकांस, पट्ट्यांस व खालच्या अंगास लावावी. वरच्या फिरत्या बुरुजावर थापूं नये.

पालकांस एवढीच विनंती कीं, मुलगा वा मुलगी "हा चिखल कोठला?" असें विचारूं लागली, तर तो वेळ वायां गेला असें मानूं नये. त्या प्रश्नासाठीं नकाशा उघडावा लागतो व लढाईची हकीकत वाचावी लागते. युद्ध हें खेळणें नव्हे. त्या पोलादाच्या आंत माणसें होतीं, समोरच्या उंसांतही माणसें होतीं, आणि दोहोंकडील कित्येक घरीं परतलीं नाहींत. त्यांची आठवण ठेवावयाची तर ती खरी ठेवावी. येत्या सुटींत मुलांस घेऊन अहिल्यानगरचा तो रणगाडा पाहून यावें, आणि मगच कुंचला हातीं घ्यावा.