फ्रोझन कोळंबीतले फॉस्फेट : मूत्रपिंडाच्या रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

पाकिटातली सोललेली कोळंबी कढईत टाकली की कधी कधी भरपूर पाणी सुटते आणि ती आकसून लहान होते. हे सगळे पाणी कोळंबीचे स्वतःचे असतेच असे नाही. गोठवण्याआधी अनेक कारखान्यांत कोळंबी सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटसारख्या फॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे तिच्यातली प्रथिने पाणी धरून ठेवतात आणि शिजल्यावरही ती मऊ लागते. जास्त वेळ भिजवली तर वजनही वाढते.

हे अपायकारक आहे का?

मूत्रपिंडे निरोगी असतील तर जास्तीचे फॉस्फरस लघवीवाटे निघून जाते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम फॉस्फरस ही मर्यादा ठरवली. मात्र मूत्रपिंडाचे काम मध्यम ते तीव्र प्रमाणात मंदावलेल्यांना ती लागू नाही, असेही स्पष्ट केले.

मासळी-मांसातले नैसर्गिक फॉस्फरस साधारण ४० ते ६० टक्के शोषले जाते. वरून मिसळलेले मात्र ९० टक्के किंवा त्याहून अधिक. रक्तात ते साचले की खाज सुटते, हाडे कमजोर होतात, रक्तवाहिन्या कडक होतात. डायलिसिसमध्येही ते सगळे निघत नाही.

तुम्ही काय करू शकता?

- पाकिटावरील घटक वाचा. 'फॉस्फेट' हा शब्द किंवा ४५०, ४५१, ४५२ हे क्रमांक दिसले तर ते पाकीट टाळा. किती फॉस्फेट घातले आहे, हे सहसा लिहिलेले नसते.
- शक्यतो ताजी, सालासकट कोळंबी घ्या आणि घरी सोला.
- धुतल्याने आत मुरलेले फॉस्फेट पूर्णपणे निघत नाही.
- फॉस्फेट बाइंडरची गोळी दिली असेल तर ती सांगितल्याप्रमाणे जेवणासोबतच घ्या.
- ताज्या कोळंबीतही फॉस्फरस असतेच. प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा.

घाबरून मासळी पूर्ण बंद करू नका. डायलिसिसवरील रुग्णांना प्रथिनांची गरज जास्त असते. फॉस्फरसचा रिपोर्ट वाढलेला आला, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना घरात कोणती पाकिटे येतात तेही सांगा.