हूवरचा हिशेब

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहराला लागून हूवर नावाचं उपनगर आहे. तिथलं १९८८ साली उघडलेलं बेसबॉलचं स्टेडियम आज कोणत्याही व्यावसायिक संघाचं घर नाही. पूर्वी होतं. बर्मिंगहॅम बॅरन्स हा संघ पंचवीस हंगाम इथे खेळला. १९९४ मध्ये बास्केटबॉल सोडून बेसबॉलमध्ये नशीब अजमावायला निघालेला मायकेल जॉर्डन याच बॅरन्सकडून याच मैदानावर उतरला होता. २०१३ मध्ये बॅरन्सनी शहराच्या मध्यवस्तीत नवं मैदान गाठलं आणि दहा हजारांवर आसनं असलेलं हे स्टेडियम शाळकरी फुटबॉल आणि किरकोळ कार्यक्रमांच्या वाट्याला आलं. मात्र मेच्या उत्तरार्धातला एक आठवडा याला अपवाद असतो. शेजारच्या तळावर घरं वाहून नेणाऱ्या लांबलचक गाड्या येऊन लागतात, कापडी छत्र्या उघडतात, शेगड्या पेटतात. मंगळवारी सकाळी साडेनऊला पहिला चेंडू पडतो आणि धातूच्या बॅटचा टणत्कार पार वाहनतळापर्यंत पोचतो. एसईसी स्पर्धा सुरू झालेली असते.

एसईसी म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या सोळा विद्यापीठांचा क्रीडासंघ. स्थापना १९३२ ची, कचेरी बर्मिंगहॅममध्येच. फ्लोरिडापासून टेक्सासपर्यंत पसरलेल्या या विद्यापीठांमधला बेसबॉल म्हणजे गॅदरिंगमधले आंतरवर्गीय सामने नव्हेत. इथली पोरं पुढे मेजर लीगमध्ये जातात आणि नेहमीच्या सामन्यांनाही हजारोंनी माणसं येतात. दहा आठवडे, दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने, असे एकूण तीस सामने झाले की साखळी संपते. त्यानंतर हूवर. ही स्पर्धा पहिल्यांदा १९७७ मध्ये झाली आणि ती ओल मिसने, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाने जिंकली. १९९३ ते १९९५ या काळात पूर्व आणि पश्चिम गटांच्या वेगवेगळ्या स्पर्धा घेऊन पाहिल्या, पण तो प्रयोग टिकला नाही. १९९८ पासून मुक्काम हूवरलाच आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे खंड पडला, तेवढाच. सर्वाधिक विजेतेपदं लुइझियाना स्टेटच्या, म्हणजे एलएसयूच्या नावावर आहेत: बारा.

आता मुद्द्याचा प्रश्न. ही स्पर्धा जिंकून मिळतं काय?

नियमाप्रमाणे मोठं बक्षीस मिळतं. राष्ट्रीय स्पर्धेत चौसष्ट संघ असतात आणि कॉन्फरन्सच्या विजेत्याला त्यात थेट प्रवेश असतो. उरलेल्या जागा निवड समिती भरते. पण एसईसीच्या बलाढ्य संघांना या दाराची गरजच नसते, कारण समिती त्यांना तशीही घेते. २०२५ मध्ये सोळापैकी तेरा संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेले. तो विक्रम होता. शिवाय पहिल्या फेरीचं यजमानपद कोणत्या सोळा विद्यापीठांना द्यायचं, हे रविवारी संध्याकाळी जाहीर होतं. हूवरची अंतिम लढत त्याच रविवारी दुपारी असते. म्हणजे ती चालू असताना समितीच्या वह्या जवळपास भरलेल्या असतात.

मिळकत ही अशी बेताची. खर्चाची बाजू मात्र जड आहे, आणि तो खर्च होतो पिचरच्या खांद्यातून. क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज काल वीस षटकं टाकून आज पुन्हा चेंडू हातात घेऊ शकतो. बेसबॉलचा मुख्य पिचर शंभरेक चेंडू टाकतो आणि मग बरेच दिवस विश्रांती घेतो. कॉलेजच्या संघात असे भरवशाचे पिचर दोन, फार तर तीन. हंगामाची शेवटची मालिका गुरुवारी सुरू होते. गुरुवारी खेळलेला हुकमी पिचर पुढच्या बुधवारी कसाबसा तयार असतो. त्याला हूवरमध्ये वापरला, तर पुढच्या शुक्रवारी सुरू होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत, जिथे हरलं की हंगाम धोक्यात येतो तिथे, तो किती ताजा असेल? म्हणून प्रत्येक प्रशिक्षक इथे मनात दोन धावफलक चालवत असतो. एक समोरच्या सामन्याचा आणि एक कोणी किती चेंडू टाकले त्याचा. पाचव्या इनिंगमध्ये पिचर झकास चालला असताना प्रशिक्षक त्याला काढून घेतो, तेव्हा प्रेक्षक ओरडतात. डगआउटमध्ये मात्र कोणाला नवल वाटत नाही.

या हिशेबाला इतिहासाचा आधार आहे. २०१० मध्ये साउथ कॅरोलायना हूवरमध्ये दोन्ही सामने हरून घरी गेलं आणि महिनाभराने ओमाहा शहरात राष्ट्रीय विजेतं ठरलं. २०२१ मध्ये मिसिसिपी स्टेटचं हूवरमध्ये पार पानिपत झालं. दोन सामने, दोन्हींत दहा किंवा जास्त धावांचा फरक, दोन्ही वेळा नियमानुसार खेळ लवकर थांबवावा लागला. त्याच संघाने पुढे विद्यापीठाच्या इतिहासातलं पहिलं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळवलं. २०२२ ची ओल मिसची गोष्ट त्याहून अचाट. साखळीत चौदा विजय, सोळा पराभव, हूवरमध्ये पहिल्याच सामन्यात व्हँडरबिल्टकडून हार. निवड समितीने अगदी शेवटच्या जागांपैकी एकीवर त्यांना घेतलं, आणि तेच विजेते झाले. उलट २०२५ मध्ये व्हँडरबिल्टने हूवरची अंतिम लढत ओल मिसविरुद्ध ३-२ अशी जिंकली, राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन पटकावलं, आणि पहिल्याच फेरीत स्वतःच्या मैदानावर गारद झाले. त्या वर्षी ओमाहात करंडक उचलला एलएसयूने, जे हूवरमध्ये उपांत्य फेरीत हरले होते.

यावरून इथे हरणंच शहाणपणाचं, असा निष्कर्ष काढला तर तो मात्र घाईचा ठरेल. व्हँडरबिल्टने २०१९ मध्ये आणि टेनेसीने २०२४ मध्ये हूवर आणि ओमाहा दोन्ही जिंकलं. त्यांच्याकडे पिचरची फळीच एवढी लांब होती की इथला खर्च त्यांना परवडला.

छोट्या कॉन्फरन्सचं गणित अगदी उलटं. तिथून बहुधा एकच संघ पुढे जातो आणि तो स्पर्धेचा विजेताच असतो. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फ्रेस्नो स्टेटने आपल्या वेस्टर्न अॅथलेटिक कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, चार संघांच्या गटात शेवटच्या मानांकनावर राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आणि अंतिम फेरीत एसईसीच्याच जॉर्जियाला हरवून विजेतेपद नेलं. अशा संघांना खांदे राखून ठेवण्याची चैन करता येत नाही.

हूवरचं स्वरूपही या हिशेबापायी बदलत गेलं. बरीच वर्षं इथे दोनदा हरल्याशिवाय संघ बाहेर पडत नसे. त्यामुळे सामन्यांवर सामने साचत, आणि त्यात अलाबामातला वळीव. दुपारी वीज चमकली की मैदानावर ताडपत्री पसरायची, आणि रात्रीचा सामना मध्यरात्रीच्या पलीकडे ढकलला जायचा. २०१९ मध्ये मिसिसिपी स्टेट आणि एलएसयूचा सामना नऊऐवजी सतरा इनिंग चालला आणि पहाटे तीननंतर स्टेटने ६-५ असा जिंकला. उरलेसुरले प्रेक्षक पुढच्या रांगांत येऊन बसले होते. हरलेल्या एलएसयूला त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं होतं. अशी रात्र प्रेक्षकाला जन्मभर पुरते. प्रशिक्षकाला मात्र तिच्यात खर्ची पडलेले सगळे राखीव पिचर दिसतात.

टेक्सास आणि ओक्लाहोमा आल्यावर २०२५ पासून सगळं सुटसुटीत केलं. सोळाच्या सोळा संघ, हरला तो बाहेर, आणि पहिल्या चार संघांना थेट उपांत्यपूर्व फेरी. त्याच वर्षी इथे यंत्राकडे दाद मागण्याची सोयही आली. होम प्लेटमागच्या पंचाचा स्ट्राइक-बॉलचा निर्णय पटला नाही, तर बॅटर, पिचर किंवा कॅचरने डोक्याला हात लावायचा. डगआउटमधून खाणाखुणा चालत नाहीत, आणि अशा संधी मोजक्याच. काही सेकंदांत चेंडूचा मार्ग पडद्यावर उमटतो आणि निर्णय कायम तरी राहतो किंवा फिरतो. कॅचरचा हात टोपीकडे गेला की अख्खं स्टेडियम पडद्याकडे वळतं.

नव्या रचनेत वरच्या चार संघांना करंडकासाठी तीनच सामने जिंकावे लागतात. कॉन्फरन्सने एका परीने कबूलच केलं, की करंडकापेक्षा खांदे महाग. पण याच रचनेमुळे, पूर्वी ज्यांना हूवरचं तोंडही दिसत नसे, ते तळाचे संघ आता आत आले आहेत. ज्याची साखळी धुळीला मिळाली आहे, ज्याचं नाव समितीच्या यादीत कुठेच नाही, त्या संघासाठी पुढे जायचा एकच रस्ता उरतो: सहा दिवसांत सलग पाच विजय. जवळजवळ अशक्य. पण त्याला पुढच्या शुक्रवारची काळजी नाही, म्हणून त्याचा प्रशिक्षक पहिल्याच सामन्यात हातातलं सगळं पणाला लावतो आणि चौथ्या वर्षाचा पिचर कदाचित आयुष्यातला शेवटचा सामना खेळत असतो. तिकीट एकाच दिवसाचं परवडणार असेल, तर रविवारची अंतिम लढत टीव्हीवर पाहावी आणि मंगळवारी सकाळी हूवरला जावं. तिथे कोणी काही राखून खेळत नाही.