पेढीवरची शिदोरी आणि बँकेची मुलाखत

केजसारख्या तालुक्याच्या गावी व्यापारी घरातील मुलगा किंवा मुलगी बी.कॉम. होऊन बँक अधिकाऱ्याच्या परीक्षेस बसते, तेव्हा घरात कौतुकाबरोबर थोडी रुखरुखही असते. पेढी पुढे कोण पाहणार, हा प्रश्न आजोबांच्या मनात असतो. मुलाखत मंडळही बहुधा हाच प्रश्न विचारते : ‘घरचा व्यवसाय असताना नोकरी कशासाठी?’ मुलाखतीच्या तयारीचा आरंभ या प्रश्नापासून करावा.

आयबीपीएसमार्फत होणाऱ्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या निवडीत पूर्व परीक्षा केवळ पात्रतेपुरती असते. अंतिम यादी ठरते ती मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांच्या गुणांवरून, 80 आणि 20 या प्रमाणात. मुलाखत 100 गुणांची असून खुल्या प्रवर्गास त्यात किमान 40 टक्के गुण मिळवावे लागतात. मुलाखतीतील 20 गुणांचा फरक अंतिम शंभरात 4 गुणांचा होतो आणि यादीच्या काठावर तेवढ्याने पारडे फिरते. लिपिक पदासाठी मात्र मुलाखत नसते.

‘लहानपणापासून बँकिंगची आवड आहे’ हे पाठ केलेले उत्तर मंडळाने सकाळपासून अनेकदा ऐकलेले असते. त्यापेक्षा खरे कारण सांगावे. दुकानाच्या उत्पन्नात दोन भावांचे संसार चालणार नाहीत, हे कारण असेल तर ते सांगण्यात कमीपणा नाही. मात्र त्याला जोडून पेढीने काय शिकवले, हेही सांगता आले पाहिजे.

ते शिक्षण थोडे नसते. पेरणीच्या वेळी दिलेली उधारी सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर वसूल होते, हे दुकानातील मुलाला कळत असते. बँकेची भाषा त्याला जोडावयाची असते. सर्वसाधारण मुदत कर्जाचा हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादित ठरते. पीककर्जाला मात्र हंगामाचा निकष लागतो. हा फरक का, याचे उत्तर उधारीच्या वहीतच आहे. दुकानातील माल आणि येणे बाकी यांच्या आधारे मिळणारे कॅश क्रेडिट, 1998 मध्ये सुरू झालेली किसान क्रेडिट कार्ड योजना, 1 जुलै 2017 पासूनचा जीएसटी हे विषय घरच्या व्यवहाराशी ताडून पाहिले, तर पाठांतराची गरज उरत नाही.

गावाविषयीही प्रश्न येतात. मांजरा धरण केज तालुक्यात धनेगाव येथे आहे. ते आटल्यावर एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. अशा भागात कर्ज कोणाला, कशासाठी आणि कोणत्या महिन्यात लागते, याचा विचार उमेदवाराने आधीच केलेला असावा.

मूळ कागदपत्रे क्रमाने लावावीत. दहावीचे प्रमाणपत्र, पदवी आणि आधार यांवरील नावात फरक असल्यास तो वेळीच दुरुस्त करावा. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला जाहिरातीत सांगितलेल्या वर्षाचाच असावा. सराव कौतुक करणाऱ्या आत्याबरोबर करू नये. चुका दाखवील अशा सनदी लेखापालाबरोबर किंवा एखाद्या निवृत्त बँक अधिकाऱ्याबरोबर करावा. उत्तर येत नसेल तेथे ‘माहीत नाही, सर’ एवढे शांतपणे म्हणावे.

एक तयारी मात्र उमेदवाराने एकट्याने करावयाची नाही. ‘परराज्यात बदली झाली तर जाल का?’ हे मंडळ विचारतेच. मुलगी ‘हो’ म्हणते आणि नेमणूक दूरच्या गावी आली की घरचे पाठवत नाहीत, असे घडते. तेव्हा अभ्यास, वय आणि हाती आलेली जागा सारेच वाया जाते. म्हणून हा प्रश्न आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी अर्ज भरण्यापूर्वीच मुलीला घेऊन बसून सोडवावा. घराचा होकार पाठीशी असला, की मंडळापुढे तिचा आवाज अडखळत नाही.