पाणी कधी चढलं?

दिवाळीच्या सुट्टीत ताईची सात वर्षांची मुलगी मागे लागली, "मामा, प्रयोग दाखव ना!" खोलगट ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा. ज्योत विझली, पाणी आत चढलं. कॉन्व्हेंटमध्ये पाठ केलेलं उत्तर मी मराठीत ठोकून दिलं : हवेत पाचवा भाग ऑक्सिजन, तो जळाला, म्हणून तेवढं पाणी वर.

"पण मामा, पाणी तर विझल्यावर चढलं!"

झाली का पंचाईत! ऑक्सिजन जळल्यामुळे पाणी चढत असेल, तर ते ज्योत चालू असतानाच हळूहळू चढायला हवं. मग तीन मेणबत्त्या लावल्या. ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच; पाणी मात्र आधीपेक्षा वर गेलं.

मुख्य कारण आहे उष्णता. ज्योतीमुळे हवा तापून फुगते, थोडी कडेने निसटते (हे बुडबुडेसुद्धा तिलाच दिसले, मला नाही). ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजन तर सगळा संपतही नाही. आणि मी थर्मोडायनॅमिक्स पास झालेला!

चौथी मेणबत्ती लावायच्या आत ताईने काडेपेटी काढून घेतली.