दोन चमच्यांत आठशे कोटी

गोबरगॅसच्या टाकीतला शेणकाला दोन चमचे घ्या, साधारण दहा मिलिलीटर. त्याच्या एकेका मिलिलीटरमध्ये सूक्ष्मजीवांची संख्या अब्जाच्या घरात असते. म्हणजे पृथ्वीवर जेवढी माणसं, आठशे कोटींहून जास्त, त्याहून अधिक जीव त्या दोन चमच्यांत नांदतात! त्यांना हवा नको, उजेड नको. शेण, शिळा भात, भाजीची देठं मिळाली की त्यांच्या पंगतीतून मिथेन तयार होतो.

सुमारे 25 किलो शेणातून 1 घनमीटर गॅस निघतो, तो साधारण 450 ग्रॅम एलपीजीच्या तोडीचा. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या गायी-बैल-म्हशी 30 कोटींवर भरल्या. जनावरामागे रोजचं 10 किलो शेण धरलं तर दिवसाला 30 लाख टन! ते सगळं टाकीत पडलं असतं, तर 12 कोटी घनमीटर गॅस, म्हणजे 14.2 किलोचे सुमारे 38 लाख सिलिंडर. एका दिवसात. रानात पडणारं आणि गोवऱ्यांत जाणारं वजा करून निम्मंच हाती आलं, तरी 19 लाख.

तरी शेण हे जनावराने आधीच पचवलेलं खाद्य. खरा जोर आपल्या ताटात उरतं त्या अन्नात आहे. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने हेच हेरलं. त्यांच्या हिशेबाने 2 किलो पिष्टमय किंवा साखरयुक्त पदार्थांतून 500 ग्रॅम मिथेन साधारण दिवसभरात मिळतो. तेवढ्यालाच शेण लागतं 40 किलो आणि दिवस 40. असं उरलेलं अन्न पचवणाऱ्या त्यांच्या छोट्या घरगुती संयंत्राला 2006 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

आता नाशिकला या. इंदिरानगरचा बोगदा मागे टाकून मुंबईच्या दिशेने निघालं की पाथर्डी फाटा, पुढे विल्होळी. तिथल्या खतप्रकल्पाच्या आवारात महापालिका आणि जर्मनीच्या 'जीआयझी' या संस्थेने 2017 मध्ये वीजप्रकल्प उभारला. आखणी अशी: रोज 10 ते 15 टन हॉटेलांतलं उरलंसुरलं, त्यात सार्वजनिक शौचालयांचा मैला, आणि त्यातून सुमारे 3300 युनिट वीज. महिन्याला 100 युनिट जाळणारी हजार घरं त्यावर चालतील. मला ही जोडी फार आवडते: शहराला ज्या दोन गोष्टी सर्वात नकोशा, त्याच एकमेकींना पूरक ठरतात.

हाच ओला कचरा ढिगाखाली दडपला तरी मिथेन होतोच, फक्त आकाशात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची ऊब कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट.

इंदिरानगरमधल्या हजार स्वयंपाकघरांचा ओला कचरा घरटी अर्धा किलो धरू. 500 किलो झाला, त्यातून ढोबळमानाने 50 घनमीटर गॅस, म्हणजे रोजचे दीड सिलिंडर. मात्र त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या की त्या पचत नाहीत. टाकीत तवंग धरतात, नळ्या तुंबतात आणि गॅस घटतो. घंटागाडी दारात येते तेव्हाच हे दीड सिलिंडर ठरलेले असतात.