आनुवंशिक बधिरत्व आणि सामाजिक विषमता

मराठीत ‘मूकबधिर’ हा समास इतका रूढ झालेला आहे की, त्यातील दोन पदांचा परस्परसंबंध तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. बधिरत्व ही श्रवणेंद्रियाची अवस्था होय. मूकत्व ही मात्र, वागिंद्रिये शाबूत असता, भाषा न लाभल्याची अवस्था होय. पहिलीचे कारण पुष्कळदा जनुकात असते, दुसरीचे सभोवतालच्या माणसांत. समासाने या दोहोंना एकाच व्यक्तीच्या ठिकाणी जन्मजात गुणाप्रमाणे एकत्र बसविले आहे. अलीकडे प्रचारात आलेल्या ‘कर्णबधिर’ या शब्दातून ‘मूक’ हे पद गळाले, ही इष्ट गोष्ट झाली. आरोग्य आणि सामाजिक दर्जा यांतील विषमतेला वंश किती जबाबदार व परिस्थिती किती, या जुन्या वादात हीच गल्लत निरनिराळ्या रूपांनी होत असते. तिचा उलगडा करणारा एक दाखला अमेरिकेच्या इतिहासात आढळतो.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. १६९४ मध्ये जोनाथन लॅम्बर्ट हा बधिर गृहस्थ तेथे स्थायिक झाला. बेटावरील अनेक घराण्यांचे मूळ इंग्लंडमधील केंट परगण्यात होते, आणि एक अप्रभावी जनुक त्यांच्यासोबत आले होते. असे जनुक आई व बाप या दोघांकडून आले तरच त्याचा परिणाम दिसतो. बेटावर सोयरिकी जवळच्या जवळ होत राहिल्याने हा योग वारंवार आला. मानवशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात दिलेले आकडे बोलके आहेत. एकोणिसाव्या शतकात सबंध अमेरिकेत अशा बधिर व्यक्तींचे प्रमाण ५,७२८ मध्ये एक असता बेटावर ते १५५ मध्ये एक, आणि चिलमार्क या गावी २५ मध्ये एक असे होते.

या गावांत ऐकू येणारी मुलेही लहानपणीच खुणांची भाषा शिकत. ती केवळ बधिरांशी व्यवहार करण्यापुरती राहिली नव्हती. दोन होड्यांमध्ये अंतर पडले की मच्छीमार हातांनी बोलत. प्रवचन चालू असता मंडळी आवाज न करता गप्पा मारीत. बधिर माणसे मासेमारी व शेती करीत, गावच्या सभांत भाग घेत, आणि त्यांचे विवाह बहुधा ऐकू येणाऱ्यांशी होत. हार्टफर्ड येथे १८१७ मध्ये बधिरांची शाळा निघाल्यावर बेटावरील मुले सरकारी खर्चाने तेथे जाऊ लागली. त्यामुळे काही बधिर व्यक्ती शेजाऱ्यांपेक्षा अधिक शिकलेल्या निघाल्या. कागदपत्र वाचून घेण्यासाठी लोक त्यांच्याकडे जात. ग्रोस यांची साधने बरीचशी वृद्ध व ऐकू येणाऱ्या बेटवासीयांच्या आठवणींची आहेत, हे विसरून चालणार नाही. आनुवंशिक बधिरत्व असलेली बेटावरील अखेरची व्यक्ती १९५२ मध्येच निवर्तली होती. तेव्हा बधिरांची स्वतःची साक्ष या चित्रात थोडी आहे आणि स्मृतीने ते काहीसे उजळलेही असेल. तथापि विवाह, शिक्षण व व्यवसाय यांच्या नोंदी एका आठवणीवर अवलंबून नसतात.

संतती आईबापांसारखी निपजण्याची प्रक्रिया ही एक गोष्ट, आणि एखाद्या समाजातील व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी जनुकीय फरकांशी निगडित असलेला वाटा ही दुसरी. मराठीत दोहोंनाही पुष्कळदा ‘आनुवंशिकता’ म्हटले जाते व त्याने घोटाळा वाढतो. पहिली जीवशास्त्रीय घटना होय. दुसरे एका विशिष्ट समाजाचे, विशिष्ट काळचे गणित होय. समाज बदलला की ते गणित बदलते. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७४ मध्ये या मुद्द्याची तर्कशुद्ध मांडणी केली होती. चिलमार्कमधील बधिरत्व सर्वस्वी आनुवंशिक होते. खुणांची भाषा कोणास येत नाही अशा गावी तेच जनुक असलेले मूल वाढले असते, तर त्याचे मागे पडलेले शिक्षण व त्याचे दारिद्र्य यांचाही जनुकाशी संख्याशास्त्रीय संबंध आढळला असता, आणि तो पाहून ‘हे दारिद्र्य वंशातूनच आले’ असे म्हणणारे पंडितही भेटले असते.

परिस्थितीचा हा परिणाम वरवरचा असतो असे मात्र नाही. रेचल मेबेरी व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांनी अशा प्रौढ बधिर व्यक्तींचे दोन गट तुलनेस घेतले, की ज्या अमेरिकी खुणाभाषा शालेय वयात, उशिराच शिकल्या होत्या. एका गटातील व्यक्ती बालपणी ऐकू शकत व बोलू लागल्यावर बधिर झाल्या. दुसऱ्या गटातील जन्मतः बधिर होत्या व त्यांना तोवर कोणतीच भाषा लाभली नव्हती. वाक्यरचनेच्या कसोट्यांत पहिला गट स्पष्टपणे सरस ठरला. प्रथम भाषा योग्य वयात न मिळाल्याची उणीव पुढे वर्षानुवर्षांच्या सरावानेही भरून निघत नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यांच्या घरी खुणाभाषा आधीपासून असणे दुर्मिळ. ही उणीव जनुकाच्या खाती मांडली जाते, पण चिलमार्कच्या मुलांच्या वाट्याला ती आली नाही.

उलट दिशेचा प्रवाहही येथे पाहावयास मिळतो: समाज जनुकांची वाटणी बदलतो. दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याची आई व पत्नी दोघीही बधिर होत्या. चिलमार्कची वंशावळ त्यानेही तपासली. परंतु मेंडेलच्या नियमांची विद्वानांना ओळख पटली ती १९०० मध्ये, त्यामुळे ऐकू येणाऱ्या जोडप्यांस बधिर मुले कशी होतात हे कोडे त्याला सुटले नाही. १८८३ च्या निबंधात त्याने भीती व्यक्त केली की, निवासी शाळा व खुणाभाषा यांमुळे बधिरांचे आपापसांत विवाह होऊन माणसाची बधिर जात निर्माण होईल. बेटावर घडले ते नेमके विपरीत. हार्टफर्डला गेलेल्या मुलांनी मुख्य भूमीवरील बधिरांशी विवाह केले. त्या जोडीदारांच्या बधिरत्वाचे कारण निराळे असल्याने मुले ऐकू येणारी झाली, आणि बेटावरील बधिरत्व ओसरत गेले. तरीही बेलचे अनुमान सर्वथा निराधार नव्हते. वॉल्टर नान्स व कीयर्सी यांनी २००४ मध्ये गणिती प्रतिमानावरून दाखविले की, कनेक्सिन-२६ या जनुकामुळे येणाऱ्या बधिरत्वाचे प्रमाण अशा विवाहांमुळे अमेरिकेत दोनशे वर्षांत दुपटीपर्यंत वाढले असावे. बेलची चूक होती ती उपाययोजनेत. खुणाभाषा आणि बधिर शिक्षक यांना शाळेतून दूर करावे असा त्याचा आग्रह होता. म्हणजे बधिरत्व कमी करण्याच्या हेतूने मूकत्वाचीच तरतूद होत होती.

मार्थाज व्हिनयार्ड हे एकमेव उदाहरण नव्हे. बालीतील बेंगकाला गावी व नेगेवमधील अल-सय्यिद बेदुइनांतही आनुवंशिक बधिरत्व आणि सामाईक खुणाभाषा एकत्र नांदताना आढळल्या. या वस्त्यांना बधिरांचे नंदनवन समजू नये, असे ॲनेलीस कुस्टर्स यांनी २०१० मध्ये बजावले, आणि ते रास्तच होय. खुणा सर्वांना येत असल्या तरी सर्वांना सारख्या येत नाहीत. मुंबईच्या उपनगरी गाड्यांचा अभ्यासही कुस्टर्स यांचाच (२००९). अपंगांसाठी राखीव असलेल्या डब्यांत शहरातील बधिर प्रवासी ठरवून एकत्र जमतात, बातम्या व ओळखी यांची देवघेव करतात, आणि कित्येक जण केवळ गप्पा पुऱ्या करण्यासाठी आपले स्थानक मागे टाकून पुढे जातात, असे त्यांना आढळले.