पायापाशी बसणाऱ्यांचा धंदा

रमजानचे वीस रोजे सरले की बाजाराचा रंग पालटतो. आधी कापड, मग शिलाई आणि शेवटच्या आठवड्यात चप्पल-बूट. इस्लापूरसारख्या गावातून लोक किनवट, हिमायतनगर किंवा थेट नांदेड गाठतात. इफ्तार आटोपून, तरावीहनंतर दुकानांत जी गर्दी होते, तिच्यात सगळ्यात जास्त वाकणारा माणूस म्हणजे बुटाच्या दुकानातला सेल्समन. माझ्या वर्गातला बी.ए.चा एक विद्यार्थी दर रमजानला महिनाभर हे काम करतो. स्वतः रोज्याने असतो आणि दिवसभर छोट्या स्टुलावर बसून लोकांच्या पायांत बूट चढवतो. घरी मात्र पाहुण्यांना "दुकानात हिशेब बघतो" असे सांगितले जाते.

या लपवालपवीमुळेच आज एका दुकानाची गोष्ट सांगावीशी वाटते. 1955 साली मलिक तेजानी यांनी मुंबईत ‘मेट्रो’ नावाचे पादत्राणांचे दुकान काढले. त्यांचे चिरंजीव रफिक मलिक यांनी पुढे ते सांभाळले. या एकाच व्यवसायात त्यांची पन्नासहून अधिक वर्षे गेली आहेत. आज ‘मेट्रो ब्रँड्स’ ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. ‘मेट्रो’, ‘मोची’, ‘वॉकवे’ ही तिची दुकाने, आणि ‘क्रॉक्स’सारख्या परदेशी नावांचा मालही ती विकते. गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीचा स्वतःचा बुटांचा कारखाना नाही. माल बाहेरच्या कारागिरांकडून आणि कारखानदारांकडून बनवून घ्यायचा आणि आपल्या दुकानात विकायचा, ही तिची रीत.

कारखाना नाही, मग कौशल्य कोणते, असे कुणी विचारेल. चपलेच्या दुकानाचा हिशेब ज्याने केला नाही त्याला हा प्रश्न पडणारच. साडी एका मापाची असते, बुटाचे तसे नाही. बायकांच्या सँडलचा एक नमुना घ्या. छत्तीस ते एक्केचाळीस अशी सहा मापे. मधल्या तीन मापांना मागणी जास्त, म्हणून त्यांचे दोन-दोन जोड ठेवायचे. झाले नऊ. रंग तीन. म्हणजे एका नमुन्याचे सत्तावीस जोड. दुकानात असे दोनशे नमुने मांडायचे तर पाच हजार चारशे जोड फळीवर हवेत. ईदच्या चांदरातीला मधली मापे संपतात, कडेची उरतात, आणि तो नमुना तिथेच मेला. गिऱ्हाईक म्हणते, "हाच हवा, पण अडतीसमध्ये." अडतीस नसते. उरलेला माल पुढे सेलमध्ये पडेल भावाने जातो. या व्यवसायातला नफा-तोटा बहुतेक इथेच ठरतो. कोणता नमुना कोणत्या गावात, कोणत्या मापात किती मागवायचा हे ज्याला कळले तो तरला.

आणि हे कळते कुठे? स्टुलावर. पट्टा कुठे रुततो, अंगठ्याजवळ कुठे दाबते, टाच कुठे निसटते हे गिऱ्हाईक ज्याला सांगते तो सेल्समन असतो. बरेचदा गिऱ्हाईक सांगतही नाही, चार पावले चालून तोंड वाकडे करते. नमुना काढणारा कागदावर रेषा ओढतो. ती रेषा चुकली हे पहिल्यांदा कळते स्टुलावरच्या पोराला. ज्या दुकानदाराने त्याचे ऐकले, त्याचा पुढचा नमुना सुधारला. म्हणून मला पादत्राणांचा डिझायनर आणि दुकानदार ही दोन वेगळी माणसे वाटत नाहीत.

एक गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. बुटावर जो सात, आठ, नऊ आकडा छापलेला असतो तो आपल्या पायांवरून निघालेलाच नाही. इंग्रजी मापातला एक आकडा म्हणजे इंचाचा तिसरा भाग. पूर्वी जवाचा एक दाणा एवढ्या लांबीचा धरत. त्यात लांबी मोजली जाते, रुंदीचे नाव नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या 79 ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. त्यातून दिसले की भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या मानाने रुंद असतात. त्यावर आधारित नव्या मापपद्धतीला भारतावरून ‘भा’ हे नाव सुचवले गेले. आपण वर्षानुवर्षे एक नंबर मोठा बूट घेऊन, फीत करकचून आवळून चालत आलो, त्याचे कारण हे आहे. दोष आपल्या पायाचा नव्हता.

मेट्रोच्या गोष्टीत मला रस वाटतो तो तिसऱ्या पिढीमुळेही. रफिक मलिक यांच्या कन्या फराह मलिक भानजी टेक्सासमध्ये शिकून आल्या आणि 2000 साली धंद्यात उतरल्या. पुढे त्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या, मग व्यवस्थापकीय संचालक. त्यांची बहीण अलिशाही कंपनीत आहे. 2007 साली राकेश झुनझुनवाला यांनी कंपनीत पैसे गुंतवले. डिसेंबर 2021 मध्ये पाचशे रुपये दराने शेअर विक्रीला आले, आणि 22 डिसेंबरला नोंदणीच्या दिवशी भाव पाचशेच्या खाली उघडला. त्या दिवशी पुष्कळांनी नाके मुरडली. पण तोपर्यंत देशात जवळपास सहाशे दुकाने उभी होती. बापाचे दुकान मुलगाच चालवणार, हे आपल्याकडे न बोलता ठरलेले असते. नांदेडच्या बाजारात गल्ल्यावर बसलेली मुलगी मी अजून फारशी पाहिलेली नाही. पडद्याआडून हिशेब लिहिणाऱ्या मात्र पुष्कळ आहेत.

आता ‘मोची’ या नावाविषयी. चकचकीत काचेच्या दुकानावर, महागड्या बुटांच्या वर हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. आपल्या गावात हाच शब्द कुणाला हाक मारताना कोणत्या स्वरात उच्चारला जातो, ते सगळ्यांना माहीत आहे. शब्द वर गेला, हे चांगलेच झाले. पण बसस्टँडजवळ पोत्यावर बसून टाके घालणारा माणूस आहे तिथेच आहे. त्याचे नाव दुकानावर लागले, त्यातून त्याला काय मिळाले, हा प्रश्न कंपनीइतकाच तुम्हा-आम्हालाही लागू होतो.

आमच्या समाजातही याबाबत बोलण्यात आणि वागण्यात अंतर आहे. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो. सोयरिकीच्या वेळी मात्र "लडका क्या करता है?" याचे उत्तर ‘जूते की दुकान’ आले की घरातली मोठी माणसे एकमेकांकडे बघतात. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) आपली पादत्राणे स्वतः सांधत असत, असे हजरत आयेशा यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. हे आम्ही जुम्याच्या बयानात ऐकतो आणि बाहेर येऊन चप्पल शोधू लागतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-खस्साफ नावाचे मोठे हनफी फकीह होऊन गेले. वक्फच्या नियमांवरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. ‘खस्साफ’ म्हणजे चपला-जोडे सांधणारा. त्याच कामावर ते पोट भरत, अशी नोंद आहे. आज ‘वक्फ’ हा शब्द रोज वर्तमानपत्रात येतो, पण त्यावर लिहिणारा हा विद्वान आपल्या नावातच मोचीकाम बाळगून होता, हे कुणी सांगत नाही. आणि संत रोहिदासांची ओळख महाराष्ट्राला मी काय करून द्यावी?

नाव कुणाचे लागते, हा वाद अलीकडे फार मोठ्या बाजारात गाजला. जून 2025 मध्ये मिलान शहरात इटलीच्या ‘प्रादा’ कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. त्यात कोल्हापुरीसारखीच चप्पल होती, पण कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. इकडे 2019 पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात येतात. ओरड झाली, कंपनीने मूळ मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, किंमत सुमारे 930 डॉलर. एवढ्या पैशात आपल्याकडे एका अख्ख्या मोहल्ल्याची ईदची चप्पलखरेदी होईल.

मला त्या डॉलरपेक्षा दुसरीच एक गोष्ट मोलाची वाटली. त्याच वर्षी जुलैत आपल्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाने अस्सल कोल्हापुरीसाठी क्यूआर कोड आणला. मोबाइल धरला की ती कोणत्या कारागिराने किंवा गटाने, कोणत्या जिल्ह्यात, कशी बनवली ते दिसते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे, हाताने घातलेले टाके, आणि त्याच्याबरोबर माणसाचे नाव. या ईदला कुणी कोल्हापुरी घेणार असेल तर भाव करण्याआधी तो कोड आहे का ते विचारा. असला तर दुकानातच उघडून नाव वाचा, आणि स्टुलावर बसलेल्या पोरालाही वाचून दाखवा.